गेमची ऑनलाइन दुकानं, त्यांची भांडणं आणि त्यांचा गल्ला : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

स्टीम, एपिक, जीओजी ही पीसीवरचे गेम विकणारी ऑनलाइन दुकानं. दर गुरुवारी रात्री एपिकवर नवीन फुकट गेम आला की आमच्या ग्रुपवर आधी लिंक पडते, मग कोणीतरी विचारतं "हे लोक फुकट वाटून जगतात कसे रे?" आणि मग तीच चर्चा, स्टीम चांगलं की एपिक, दुकानाने विक्रीतले तीस टक्के कापणं म्हणजे लूट आहे की नाही, जीओजी बुडणार का, वगैरे वगैरे. प्रत्येकवेळी तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी हेच चिकटवणार. मी काही सीए नाही, पण कोर्टकचेऱ्यांमध्ये बाहेर आलेले कागद आणि कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेले आकडे वाचायची खोड आहे, त्याच्यावरच हे सगळं आहे. जास्त करून पीसीबद्दल लिहिलंय, कन्सोल आणि मोबाइल वेगळं प्रकरण आहे.

हे ३० टक्के, १२ टक्के म्हणजे नक्की काय?

मार्केट यार्डातली अडत माहीत असेल तर तेच. शेतकरी माल आणतो, अडत्या विकून देतो, आपली अडत कापतो आणि उरलेल्याची पट्टी शेतकऱ्याच्या हातात देतो. इथे शेतकरी म्हणजे गेम बनवणारा, अडत्या म्हणजे दुकान. टॅक्स बाजूला ठेवला तर १००० रुपयांचा गेम स्टीमवर विकला गेला की ३०० स्टीमचे, ७०० गेमवाल्याचे. फरक एवढाच की इथे माल संपत नाही, नासत नाही, हमाली नाही, तोलाई नाही, एकच फाइल लाखो वेळा विकायची. त्यामुळे अडत एवढी कशाला, हा प्रश्न लोकांना पडतो आणि तो बरोबरच आहे.

रेट असे आहेत. स्टीम ३० टक्के, पण नोव्हेंबर २०१८ पासून एखाद्या गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की त्यापुढच्या विक्रीवर २५ आणि ५ कोटीच्या पुढे गेली की २०. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला सूट आणि एकटादुकटा बसून गेम बनवणारा पूर्ण ३० भरणार, उलटी गंगा आहे पण आहे. एपिक १२ टक्के (जून २०२५ पासून प्रत्येक गेमला वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत शून्य, ते खाली येतंच). मायक्रोसॉफ्टनेही ऑगस्ट २०२१ पासून आपल्या पीसी स्टोअरवर गेमसाठी १२ केलं. इच डॉट आयओ या छोट्या गेमवाल्यांच्या दुकानावर तर गेमवालाच ठरवतो किती द्यायचं, तुम्ही काही बदललं नाही तर १० टक्के आणि वाटलं तर शून्य. कन्सोलवाल्यांचा नेहमीचा रेट ३०.

स्टीम एवढं मोठं झालंच कसं?

गंमत म्हणजे सुरुवातीला लोकांनी स्टीमला शिव्याच घातल्या होत्या. स्टीमची मालक व्हॉल्व्ह ही कंपनी गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी मायक्रोसॉफ्ट सोडून १९९६ मध्ये काढली, १९९८ ला त्यांचा हाफ-लाइफ हा गेम आला आणि तुफान चालला. स्टीम आलं सप्टेंबर २००३ मध्ये आणि ते दुकान म्हणून आलंच नव्हतं, काउंटर-स्ट्राइक वगैरे गेमना अपडेट पोचवायची सोय म्हणून आलं होतं. मग २००४ ला हाफ-लाइफ २ आला आणि त्यांनी अट घातली की डबा विकत घेतला असला तरी स्टीम टाकल्याशिवाय गेम चालणार नाही. लोक भडकले, पहिल्या दिवशी सर्व्हर झोपले, पण गेम एवढा भारी होता की दात ओठ खात सगळ्यांनी स्टीम टाकलं.

२००५ पासून दुसऱ्यांचे गेम विकायला लागले आणि तेव्हा समोर कोणी नव्हतंच जवळजवळ. सीडी-डीव्हीडीच्या दुकानात गेमवाल्याच्या हातात जे पडायचं त्यापेक्षा ७० टक्के कितीतरी जास्त होते, म्हणून तेव्हा ३० टक्के अडत कोणाला टोचली नाही. मग सेल सुरू झाले, वर्कशॉप आलं जिथे लोकांचे मॉड (खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले बदल) एका क्लिकवर मिळतात, रिव्ह्यू, मित्रांची लिस्ट, जून २०१५ पासून दोन तासापेक्षा कमी खेळला असेल आणि चौदा दिवसांच्या आत असेल तर प्रश्न न विचारता पैसे परत. (ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्येच केस टाकली होती या रिफंडवरून आणि पुढे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंडही बसला, त्यामुळे अगदी उदार मनाने दिलं असं काही समजू नका.) मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी ४ कोटींवर लोक स्टीमवर ऑनलाइन होते. एका क्षणाला हां, महिन्याला नाही.

एपिक १२ च घेतं तर सगळे गेमवाले तिकडे पळाले का नाहीत?

कारण गिऱ्हाइकाला अडत दिसतच नाही. तुम्ही मंडईत गेल्यावर अडत्या शेतकऱ्याकडून किती कापतो हे विचारून कांदा घेता का? नाही ना. कांदा बघता, भाव बघता आणि नेहमीचा गाळा बघता.

गेमवाल्याचा हिशोब बघा. समजा एपिकवर विकलं तर १०० मधले ८८ मिळतात आणि स्टीमवर ७०. ऐकायला १८ चा फरक मोठा वाटतो. पण स्टीमवर १००० लोक घेणार असतील आणि एपिकवर १००, तर ७०,००० विरुद्ध ८,८०० होतात, मग कोण जाईल? दोन्हीकडे ठेवतात बहुतेक जण आणि खरी विक्री स्टीमवरच होते. एपिकच्या १२ टक्क्याने स्टीमच्या बरोबरीची कमाई करायची तर स्टीमवर होते त्याच्या ८० टक्के तरी विक्री तिथे व्हायला पाहिजे, आणि ती होत नाही.

आणि खरेदी करणाऱ्याचं काय, तर त्याची लायब्ररी स्टीमवर आहे, दहा वर्षांचे २००-३०० गेम, मित्र तिथे, सेव्ह फाइली तिथे, मॉड तिथे. हे म्हणजे उधारीची वही असलेल्या वाण्यासारखं आहे, समोर नवीन दुकान दोन रुपये स्वस्त देत असलं तरी वही इकडे आहे. शिवाय एपिक आलं डिसेंबर २०१८ मध्ये आणि शॉपिंग कार्ट आली डिसेंबर २०२१ मध्ये. तीन वर्षं! तीन वर्षं दुकानात पिशवीच नव्हती, एकेक वस्तू घ्यायची, पैसे द्यायचे, परत आत यायचं. एपिकचे संस्थापक आणि प्रमुख टिम स्वीनी साहेबांचा सगळा जोर गेमवाल्यांना खुश करण्यावर होता आणि गिऱ्हाइकासाठी काय तर फुकट गेम.

एपिकला एवढे फुकट गेम द्यायला परवडतं कसं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे पैसा फोर्टनाइट या एपिकच्याच गेमचा आहे. त्या गेममध्ये पोरं जे कपडे आणि नाच विकत घेतात ना, त्यातून हे दुकान चाललंय. वर बाहेरचा पैसा आहे, टेन्सेंट या चिनी कंपनीने २०१२ मध्येच ४० टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला होता, २०२२ ला सोनी आणि लेगोवाल्यांच्या घरची कंपनी किर्कबी यांनी मिळून २०० कोटी डॉलर टाकले, २०२४ ला डिस्नीने १५० कोटी डॉलर.

दुसरं, फुकट गेमचा खर्च आपल्याला वाटतो तेवढा नाहीये. एपिक प्रत्येक डाउनलोडमागे पैसे देत नाही, गेमवाल्याला एकरकमी उक्तं देऊन टाकतं. एपिकने ॲपलवर त्यांच्या ॲप स्टोअरवरून केलेल्या केसमध्ये २०२१ मध्ये याचा कागद बाहेर आला, पहिल्या नऊ महिन्यात ३८ गेमसाठी मिळून साधारण १ कोटी १६ लाख डॉलर दिले आणि त्यातून जवळजवळ ५० लाख नवीन अकाउंट आले. भागाकार केला तर एका नवीन माणसामागे अडीच डॉलरच्या आत. जाहिरात करून माणूस आणायचा तर याच्यापेक्षा महाग पडतो, त्यामुळे हे खुळेपणा नाहीये, ही जाहिरातच आहे. मे २०२० ला जीटीए ५ फुकट दिला तेव्हा तर साइटच बसली काही तास, आठवत असेल.

खरा पैसा गेला तो एक्स्क्लुझिव्हमध्ये. म्हणजे "वर्षभर स्टीमवर विकू नका, आमच्याकडेच विका, एवढी विक्री झाली नाही तर फरक आम्ही देतो" असा करार. मेट्रो एक्सोडस हा गेम तर स्टीमवर प्री-ऑर्डर चालू असताना बाजारात यायच्या दोन आठवडे आधी एपिकला नेला, केवढा शिमगा झाला होता तेव्हा. कंट्रोल या गेमसाठी पब्लिशरला (गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला) सुमारे ९५ लाख युरो मिळाले हे त्या पब्लिशरच्या पालक कंपनीच्या हिशोबातूनच कळलं. आणि ॲपलने कोर्टात मांडलेल्या कागदांप्रमाणे एकट्या २०२० सालासाठी अशा हमीचे ४४.४ कोटी डॉलर बांधले होते. फुकट गेमचे सव्वा कोटीसुद्धा नाहीत, हमीचे ४४ कोटी. कुठे भोक आहे ते बघा.

मग एपिक स्टोअर फायद्यात आलं का शेवटी?

त्याच केसमधले आकडे, २०१९ ला साधारण १८.१ कोटी डॉलर तोटा, २०२० चा अंदाज २७.३ कोटी तोटा, २०२१ चा १३.९ कोटी तोटा. ॲपलचं म्हणणं होतं की २०२७ च्या आधी काही हे दुकान नफ्यात येत नाही. स्वीनींचं म्हणणं की ही गुंतवणूक आहे, धंदा उभा करायला पैसा लागतोच. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये एपिकने गूगलवर केलेल्या केसमध्ये स्टोअरच्याच प्रमुखाने साक्षीत सांगितलं की अजून नफा नाही, म्हणजे दुकान उघडून पाच वर्षं होत आली होती. त्याच्या दोन महिने आधी कंपनीने ८३० लोक काढले होते, एकूण माणसांच्या १६ टक्के.

आता मला सगळ्यात बोलका वाटणारा आकडा सांगतो, आणि हा एपिकने स्वतः दरवर्षी छापलाय. २०१९ मध्ये त्यांच्याकडे पीसीवर १०.८ कोटी लोक होते आणि त्या लोकांनी दुसऱ्या कंपन्यांच्या गेमवर खर्च केले २५.१ कोटी डॉलर. २०२४ मध्ये लोक झाले २९.५ कोटी, आणि दुसऱ्यांच्या गेमवर खर्च २५.५ कोटी डॉलर! लोक पावणेतीन पट, गल्ला तेवढाच. मधे २०२२ ला ३५ कोटींच्या पुढे गेला होता, मग ३१ वर आला, मग २५.५. एकूण खर्च २०२४ मध्ये १०९ कोटी डॉलर दिसतो खरा पण त्यातला मोठा भाग फोर्टनाइट आणि घरचेच गेम. एक गोष्ट एपिकच्या बाजूने सांगायला हवी, गेमच्या आतली खरेदी गेमवाल्याने स्वतःच्या पेमेंटने घेतली तर एपिक त्यात काहीच मागत नाही.

आता २५.५ कोटीचे १२ टक्के काढा. ३ कोटी ६ लाख डॉलर. हा २०२४ चा गल्ला, यातून सर्व्हर, पगार, पेमेंटचे चार्जेस आणि दर गुरुवारचा प्रसाद. कसं जमणार?

माझंच उदाहरण घ्या. एपिकवर माझे २५० च्या वर गेम असतील, विकत घेतलेले दोन. बाकी सगळे गुरुवारचे. आणि यातले खेळलोय किती तर मोजून आठ-दहा. आमच्या ग्रुपमध्ये विचारलं तर सगळ्यांचं असंच निघालं, एकाने तर एपिकवर कार्डसुद्धा टाकलेलं नाही. भंडाऱ्याला जेवून जाणारे आम्ही, रोजचा डबा दुसरीकडेच लावलाय.

१२ टक्क्यात दुकान चालूच शकत नाही असं म्हणायचंय का?

नाही, तसं नाही. स्वीनींनी जे गणित मांडलं होतं त्यात पेमेंटचे अडीच-साडेतीन टक्के, डाउनलोडच्या बँडविड्थचे एक-दीड टक्का, सपोर्टचे एक-दीड, म्हणजे सगळं धरून पाच-सहा-सात टक्के, उरलेले सुटतात. आणि हे मला पटतं, मोठ्या प्रमाणावर असेल तर १२ मध्ये नफा आहे. पण "मोठ्या प्रमाणावर" हेच तर पाहिजे ना. शिवाय हे गणित अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डाचं आहे, काही देशांत पेमेंटचे मार्ग एवढे महाग आहेत की एपिकने सुरुवातीला तिथला जादाचा चार्ज सरळ गिऱ्हाइकाच्या माथी मारला. स्टीम तो आपल्या ३० मधून भरतं, गिफ्ट कार्ड विकणाऱ्याचं कमिशनसुद्धा त्यातूनच जातं.

डिस्कॉर्ड या गेमर लोकांच्या गप्पांच्या ॲपने तर स्वतःच्या गेमच्या दुकानात १० टक्क्यावर जायची घोषणा केली होती २०१८ च्या शेवटी, सगळे म्हणाले वा वा, पुढच्या वर्षी दुकान गुंडाळलं. स्वस्त अडत्या म्हणून काही होत नाही, गिऱ्हाईक पाहिजे.

व्हॉल्व्ह नक्की किती कमावतं?

ती खाजगी कंपनी आहे, शेअर बाजारात नाही, त्यामुळे ताळेबंद छापायची सक्ती नाही. पण एका केसच्या कागदात काळी पट्टी नीट मारली गेली नव्हती आणि त्यातून कळलं की २०२१ मध्ये अख्ख्या व्हॉल्व्हमध्ये ३३६ माणसं होती आणि स्टीमवर काम करणारी त्यातली ७९. एकोणऐंशी! आपल्या तालुक्याच्या बँकेत याच्यापेक्षा जास्त असतील. अख्ख्या जगातल्या पीसी गेमिंगचं दुकान एवढ्या लोकांत चालतं म्हणजे त्या ३० टक्क्यातलं किती खाली उतरत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि फक्त अडत नाहीये. काउंटर-स्ट्राइकच्या बंदुकांचे रंग, चाकू, हे लोक एकमेकांना स्टीमच्या बाजारात विकतात आणि प्रत्येक व्यवहारात व्हॉल्व्ह ५ टक्के बाजाराचे आणि १० टक्के गेमचे असे १५ कापतं. माल लोकांचा, घेणारे लोक, देणारे लोक, आणि पैसा स्टीमच्या वॉलेटमध्येच फिरत राहतो, बँकेत काढता येत नाही, मग त्यातून अजून गेम घेतला जातो. शेठ लोकांनी शिकण्यासारखं आहे हे.

बाजारात लिस्टेड नसल्याचा अजून एक फायदा म्हणजे दर तीन महिन्याला कोणाला तोंड दाखवायचं नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं स्टोअर आलं, न्यूएलना धोका दिसला की उद्या विंडोजवाल्याने दार लावलं तर आपलं दुकान कुठे जाणार. तेव्हापासून विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्सवर पैसे घालतायत. २०१५ च्या लिनक्सवाल्या स्टीम मशीन पडल्या, तोंडावर पडल्या, तरी सोडलं नाही, २०१८ ला प्रोटॉन आलं ज्याने विंडोजचे गेम लिनक्सवर चालतात आणि २०२२ ला स्टीम डेक, हातात धरून खेळायचा पीसी. दहा वर्षं धीर धरला.

ईए, यूबिसॉफ्ट यांनी स्वतःची दुकानं काढली होती त्यांचं काय झालं?

गेले आणि परत आले. ईएने २०११ ला ओरिजिन काढलं, नवीन गेम स्टीमवर देणं बंद केलं, २०१९ ला परत स्टीमवर. यूबिसॉफ्ट २०१९ ला एपिककडे गेलं, २०२२ च्या शेवटी परत. ॲक्टिव्हिजन-ब्लिझर्ड स्वतःच्या बॅटल डॉट नेटवर ऐटीत होतं, २०२२ ला कॉल ऑफ ड्यूटी स्टीमवर, २०२३ ला ओव्हरवॉच २ आणि डायब्लो ४ पण. बेथेस्डाने स्वतःचा लाँचर (गेम विकायचं-चालवायचं ॲप) २०२२ ला बंदच केला.

स्वतःच्या दुकानात अडत शून्य असते, मग का आले? दुकान फक्त आपल्याच शेतातल्या मालाचं असलं की माणूस वर्षातून दोनदा येतो, एक फिफा घ्यायला आणि एक पासवर्ड विसरला म्हणून. ३० टक्के देऊनसुद्धा जास्त उरतात असा त्यांचाच हिशोब निघाला असणार, नाहीतर एवढे हट्टी लोक परत येत नसतात.

अडत कमी झाली तर गेम स्वस्त व्हायला नकोत का?

व्हायला पाहिजेत. मेट्रो एक्सोडस अमेरिकेत स्टीमवर ६० डॉलरला होता तो एपिकवर ५० ला ठेवला होता, मला वाटलं आता सुरू झालं. पण नंतरच्या बहुतेक गेमनी दोन्हीकडे एकच किंमत ठेवली आणि फरक खिशात टाकला.

आता यात वाद आहे. २०२१ मध्ये वुल्फायर नावाच्या छोट्या गेम कंपनीने अमेरिकेत व्हॉल्व्हवर केस केली की दुसरीकडे स्वस्त विकलं तर स्टीमवरून काढून टाकायची धमकी देतात, म्हणून कोणी किंमत कमी करायला धजत नाही. व्हॉल्व्हला हे मान्य नाही. त्यांचा लिखित नियम स्टीम कीबद्दल (स्टीमवर टाकला की गेम मिळतो असा कोड) आहे, की स्टीमच्या की बाहेर विका पण स्टीमच्या गिऱ्हाइकाला त्याच्यापेक्षा वाईट सौदा देऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने ही केस सगळ्या गेमवाल्यांच्या वतीने क्लास ॲक्शन म्हणून चालवायला मंजुरी दिली. ब्रिटनमध्ये पण २०२४ ला गिऱ्हाइकांच्या वतीने ६५.६ कोटी पौंडांचा दावा आहे. माझं मत विचाराल तर स्पर्धेचा खरा निकाल एपिकच्या फुकट गेममध्ये लागणार नाही, तो या केसमध्ये लागेल, कारण किंमत मोकळी झाली तरच १२ टक्क्याचा फायदा आपल्या खिशापर्यंत पोचणार आणि तरच आपण वाणी बदलणार.

या स्टीम की म्हणजे काय आणि बाहेरच्या साइटवरून घ्याव्यात का?

गेमवाल्याला स्टीम फुकटात की बनवून देतं, तो त्या हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग अशा ठिकाणी विकू शकतो आणि त्यावर व्हॉल्व्ह एक पैसा घेत नाही, पण डाउनलोड मात्र स्टीमच्याच सर्व्हरवरून. वरवर येडेपणा वाटतो पण विचार करा, गेम कुठूनही घ्या, लायब्ररी शेवटी स्टीमचीच भरते.

गेमवाल्याकडूनच की घेणाऱ्या दुकानातून बिनधास्त घ्या. जिथे कोणीही अनोळखी माणूस की विकतो अशा बाजारापासून लांब राहा, मी एकदा अशा एका ठिकाणी अर्ध्या किमतीत घेतली, तीन आठवड्यांनी गेम लायब्ररीतून गायब, की चोरीच्या कार्डाने घेतलेली होती म्हणे. पैसे गेले ते गेलेच, वर सपोर्टवाल्याने "आम्ही फक्त मध्यस्थ" असं सांगून हात वर केले.

जीओजीचं काय? तत्त्व चांगलं आहे पण चालतंय का?

जीओजी २००८ ला पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने काढलं, विचर गेम बनवणारे तेच. इथला गेम डाउनलोड करून पेनड्राइव्हवर टाका, इंटरनेट नको, लॉगिन नको, कायमचा तुमचा. जुने गेम नवीन विंडोजवर चालतील असे दुरुस्त करून देतात ते वेगळंच. माझं आवडतं दुकान. पण धंदा म्हणून कायम तंगीत. पूर्वी दुसऱ्या देशापेक्षा महाग पडलं तर फरक वॉलेटमध्ये परत द्यायचे, २०१९ मध्ये ते परवडेना म्हणून बंद केलं, २०२१ मध्ये तोटा झाला मग काटछाट. २०२५ च्या शेवटी सीडी प्रोजेक्टच्या दोन संस्थापकांपैकी एक, मिखाऊ किचिन्स्की, यांनी ते स्वतःच विकत घेतलं. तत्त्वासाठी चालवणारा मालक मिळाला हे बरंच झालं म्हणायचं. छोट्या दुकानाला जगायला सगळा बाजार लागत नाही, आपला खर्च आटोक्यात आणि आपलं ठरलेलं गिऱ्हाईक एवढं पुरतं, इच डॉट आयओ २०१३ पासून असंच तर चाललंय.

गेम पास हे सगळं संपवेल का?

गेम पास म्हणजे मायक्रोसॉफ्टची वर्गणी, दर महिन्याला पैसे भरा आणि त्यांच्या यादीतले गेम खेळा. २०१७ पासून संपवतोय म्हणतायत. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन जवळजवळ ६,९०० कोटी डॉलरला घेतली, तरी २०२५ मध्ये वरच्या प्लॅनचे अमेरिकेत २० चे थेट ३० डॉलर करावे लागले. त्यावरून काय ते समजा.

भारतात यातलं काय लागू होतं?

स्टीमवर नोव्हेंबर २०१५ मध्ये रुपये आले, त्याआधी डॉलरमध्ये किंमत बघून गुणाकार करत बसायचो आणि कार्ड चालेल का देव जाणे. किंमत दुकान ठरवत नाही, पब्लिशर ठरवतो, स्टीम फक्त एक सुचवलेला तक्ता देतं, तो २०२२ मध्ये बदलला. म्हणून एखादा गेम भारतात अर्ध्या भावात आणि दुसरा डॉलरला गुणून तसाच ठेवलेला असं दिसतं. परदेशी कंपनीच्या डिजिटल मालावर १८ टक्के जीएसटी आहे तो पण त्यातच. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने तिथली करन्सी काढून डॉलर केले, चलन सारखं पडत होतं आणि बाहेरचे लोक तिथले बनून स्वस्तात घेत होते, त्यामुळे व्हीपीएन लावून शहाणपणा करायच्या आधी विचार करा, अकाउंट गेलं तर सगळी वही जाईल.

गेम बनवणाऱ्यांसाठी मात्र ३० आणि १२ मधला १८ टक्क्यांचा फरक फार असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी २०२० ला आला, आपल्या इथल्या पोरांनी बनवलेला, त्याआधी किकस्टार्टरवर पैसे उभे करायला गेले तर टार्गेट पूर्ण झालं नव्हतं. अशा छोट्या स्टुडिओची समजा १ लाख डॉलर विक्री झाली तर ३० टक्केवाल्याकडून ७०,००० येणार आणि १२ वाल्याकडून ८८,०००, त्या फरकात पुण्यात एका पोराचा वर्षाचा पगार निघतो. जून २०२५ पासून तर एपिकने प्रत्येक गेमला दरवर्षी पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत अडत शून्य केलीये, वर अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या एपिकच्याच सॉफ्टवेअरची ५ टक्के रॉयल्टी एपिकवरच्या विक्रीला माफ. कागदावर याच्यापेक्षा भारी ऑफर नाही. आणि तरी इथला कुठलाही छोटा गेमवाला तुम्हाला काय सांगतो? "स्टीमवर विशलिस्ट करा", म्हणजे घ्यायच्या यादीत टाकून ठेवा.

बिचाऱ्याचं पण बरोबर आहे. स्टीमवर २०२४ मध्ये १८,००० च्या वर गेम आले, दिवसाला पन्नास, गेम टाकायची फी फक्त १०० डॉलर. त्या गर्दीत दिसायचं तर विशलिस्टचा आकडाच उपयोगी पडतो.

एपिक किंवा जीओजी बंद पडलं तर माझ्या गेमचं काय?

जीओजीचे डाउनलोड करून ठेवले असतील तर काहीच होणार नाही. बाकी सगळीकडे आपण गेम नाही, परवाना घेतो, ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरताना तसं स्पष्ट लिहितं पण, कॅलिफोर्नियाच्या नवीन कायद्यामुळे. आजवरचा अनुभव मिक्स आहे. बेथेस्डाने लाँचर बंद करताना गेम स्टीमवर हलवून दिले, गूगलने स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम खेळायची सेवा जानेवारी २०२३ ला बंद केली तेव्हा गेमचे पैसे परत दिले, पण गूगलकडे पैसे होते. यूबिसॉफ्टने मार्च २०२४ मध्ये द क्रू या गेमचे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेला गेम चालायचाच थांबला, दुकान चालू असूनसुद्धा.

एपिक लगेच बंद पडेल असं मला वाटत नाही, फोर्टनाइट चालू आहे तोवर तर नाहीच.

न्यूएलनंतर स्टीमचं काय होणार?

याला मी घाबरतो खरं तर. उद्या कंपनी विकली किंवा बाजारात आणली तर नवीन मालक पहिल्यांदा बघेल की ७९ माणसांत एवढा पैसा येतोय तर अजून किती पिळता येईल. आज स्टीम बरं वागतंय कारण मालकाला घाई नाही. म्हणून एपिकवर फारशी खरेदी करत नसलो तरी एपिक राहावं असं मनापासून वाटतं, समोर गाळा उघडा असला की अडत्या नीट वागतो. २०१८ ला एपिक उघडायच्या आठवडाभर आधी स्टीमने २५ आणि २० चे स्लॅब आणले होते.

गुरुवारचा फुकट गेम घ्यायचा राहून गेला, आता मिळेल का?

नाही. कधीकधी तोच गेम एक-दोन वर्षांनी परत येतो, तेव्हा लक्ष ठेवा. आपल्याकडे रात्री साडेआठला बदलतो, अमेरिकेत हिवाळ्याचं घड्याळ लागलं की साडेनऊला. एकदा क्लेम केला की तुमच्या अकाउंटमध्ये राहतो, डाउनलोड लगेच नाही केला तरी चालतो, मी पण कुठे करतो.